अळीला सवय झाली का? : दहावीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

मानवत तालुका, जिल्हा परभणी. दहावीची नऊ मुलं-मुली आणि त्यांची विज्ञानाची शिक्षिका. मोजमाप मुलांनी केलंय, नोंदी मी लिहिल्यात.

२४ जून

विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. आज सुरू केला. फळ्यावर 'उत्परिवर्तन' लिहिलं आणि विचारलं, आपल्या शिवारात एखादा जीव बदललेला कुणी पाहिलाय का? वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, बोंडअळी. आमचे आबा म्हणतात, आधी बीटीनं मरायची, आता मरंना गेली. सवय झाली तिला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य इथं घराघरात बोललं जातं, माझ्या माहेरीही. २०१७ च्या हंगामात आमच्या वडिलांनी बाहेरून हिरवीगार दिसणारी बोंडं फोडून बघितली. आत कवडी झालेला, म्हणजे किडून खराब झालेला कापूस आणि गुलाबी अळ्या. तेव्हा तेही हेच म्हणाले होते.

वर्षभराचा प्रकल्प तिथंच ठरला. उत्क्रांती शिकायला डायनासोर नकोत, गॅलापागोस बेटंही नकोत. आबांचं वाक्य घ्यायचं आणि त्यातला 'सवय' हा शब्द तपासायचा. ज्याच्या आबांचं वाक्य, त्याच्याच दोन एकर बीटी कापसात, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कापसात, निरीक्षणं घ्यायची. कालच पाऊस झालाय. तिकडं टोकणी चालू आहे.

२८ जून

मुलांनी घरोघरी विचारून आणलं. तेरा जणांची उत्तरं आली, त्यातली अकरा 'सवय'च्या जवळपासची. एकांनी सांगितलं, "माणसाला जशी दारूची सवय होती, तशी अळीला औषधाची." एक आजी म्हणाल्या, "मारून मारून घट्ट झाली."

आता मलाही कबूल करायला हवं. अनेक वर्षं मी वर्गात 'परिस्थितीनुसार जीव स्वतःत बदल घडवतो' असं सांगत आले. कानाला बरं वाटतं, पण ते चूक आहे. १८०९ मध्ये लामार्कनं साधारण असंच मांडलं होतं: जिराफानं उंच पाल्यासाठी मान ताणली, ती लांब झाली आणि पिल्लांना लांब मान मिळाली. आमच्या गावाचं वाक्य म्हणजे लामार्कचंच वाक्य. लोहाराचा दंड घणाचे घाव घालून पीळदार होतो, पण त्याचं पोर पीळदार दंड घेऊन जन्माला येत नाही. हे मुलांना पटकन पटलं. अळीबाबत मात्र पटत नाही, कारण अळी खरोखरच मरायची थांबलीय. ते तर डोळ्यांना दिसतंय.

मग थांबली कशी? १८५९ मध्ये डार्विननं दिलेलं उत्तर मी मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनीच तिथवर यावं.

५ जुलै

आज उत्परिवर्तन. पुस्तकातली व्याख्या मुलांना पाठ आहे, पण डीएनएमधलं एक अक्षर बदललं तर नक्की काय होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. डीएनएची लिपी चार अक्षरांची, ए, टी, जी, सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि प्रत्येक शब्द म्हणजे एका अमिनो आम्लाची आज्ञा. मग मी मराठीतच तीन-तीन अक्षरांचं वाक्य लिहिलं:

कमल गवत उचल

प्रत्येकानं ते न बघता शेजाऱ्याच्या कानात सांगायचं आणि शेवटच्यानं लिहायचं. तीन फेऱ्या झाल्या. एका फेरीत 'उचल'चं 'उकल' झालं. बदललं एकच अक्षर, पण काम पालटलं. आता कमलनं गवताचा भारा उचलायचा नाही, सोडायचा. दुसऱ्या फेरीत कुणीतरी 'कमळ' लिहिलं. इथंही अक्षर बदललं, पण कमल म्हणा की कमळ, हाक त्याच मुलीला. डीएनएतही असंच चालतं. जीएए आणि जीएजी हे दोन्ही शब्द एकच अमिनो आम्ल मागवतात, त्यामुळं तिथली चूक कुणाला कळतही नाही.

मग मी स्वतः एक अक्षर गाळलं. 'कमल'मधला म काढला आणि पुन्हा तीन-तीन अक्षरं पाडली: कलग वतउ चल. वर्ग खिदळला. बदललेल्या अक्षरानं एक शब्द बिघडतो, गळालेल्या अक्षरानं पुढची सगळी ओळ बिघडते.

खरं उदाहरण सिकलसेलचं दिलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या सूचनेत जीएजीच्या जागी जीटीजी येतं, सहाव्या जागेवरचं अमिनो आम्ल बदलतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. दोन्ही पालकांकडून ही प्रत आली तर आजार होतो, एकाकडूनच आली तर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ही चूक टिकून राहिली. एकच बदल एका ठिकाणी घातक आणि दुसऱ्या ठिकाणी कामाचा, यावर मुलं बराच वेळ बोलत होती.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अशा चुका आपल्यात पण असतात का?" असतात. आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. ती उतरवून घेताना प्रत्येक बाळात आई-बापाकडे नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल येतात. बहुतेक कशातच मोजले जात नाहीत. ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडं बघत बसली.

चूक होते ती नकळत, गरज बघून होत नाही. हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर ठेवायचं, पुसायचं नाही, असं ठरलं.

१२ जुलै

"गरज बघून होत नाही, हे कशावरून?" आबांच्या नातवाचा प्रश्न. पोरगा सहजी मानत नाही, मला तो म्हणून आवडतो.

कशावरून, तर १९५२ च्या एका प्रयोगावरून. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्यानं मखमलीचं कापड वापरून तो केला. एका बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या, औषधाचा थेंबही न घालता. त्यावर मखमल दाबली. मखमलीच्या लवेला प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू त्या-त्या जागी चिकटले. तोच ठसा औषध असलेल्या बशांत उमटवला. तिथं जवळपास सगळे मेले, मोजक्या वसाहती तेवढ्या वाढल्या. आणि त्या प्रत्येक बशीत त्याच त्या जागी वाढल्या. मग पहिल्या बशीतल्या त्याच जागेवरचे, औषधाचं तोंडही न पाहिलेले जिवाणू घेतले, तर तेही औषधाला दाद देईनात. म्हणजे औषध येण्याआधीच ते तसे होते.

आम्ही परातीत रांगोळी पसरून तिच्यावर गुलालाचे ठिपके दिले. शिवणकामवाल्या ताईंकडून आणलेला मखमलीचा तुकडा दाबला आणि कोऱ्या कागदांवर उमटवला. तिन्ही कागदांवर ठिपके त्याच जागी. आबांचा नातू कागद एकमेकांवर धरून उजेडात बघत राहिला. "मंजी मरंना गेलेली अळी आधीपासूनच होती?"

मी म्हटलं, शेतात बघू.

२० जुलै

रविवारी उदगीरच्या बाजूला राहणाऱ्या मावसभावाकडं गेले आणि देवणी गाईंचे फोटो काढून आणले. वर्गात दाखवले. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीचे तीन प्रकार. वानेरा पांढरी, पण तोंडाच्या बाजू काळ्या. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग. कंधारकडची लाल कंधारी मुलांनी पाहिलेली होतीच. कुणी केल्या या जाती? वळू निवडणाऱ्यांनी. कोणतं गोऱ्हं वळू म्हणून ठेवायचं आणि कोणतं नाही, एवढंच पिढ्यान्‌पिढ्या ठरवलं गेलं. बैलाला काम करून गुण आले नाहीत, गुण असलेल्याची वीण पुढं चालवली गेली. डार्विनची मांडणीही पाळीव जनावरांच्या निवडीपासूनच सुरू होते.

शेतकऱ्याच्या पोरांना निवड समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या वर्षीच्या ज्वारीसाठी चांगली कणसं बाजूला काढून ठेवलेली त्यांनी पाहिलीत. फक्त निवडणारा हात माणसाचाच असावा लागतो असं नाही, दुष्काळही निवडतो, औषधही निवडतं, एवढंच मी पुढं जोडलं.

एकानं विचारलं, नवीन गुण मुद्दाम आणता येतो का? चुका वाढवता येतात, कोणती चूक होईल ते ठरवता येत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात भुईमुगाच्या बियांवर किरण सोडून असे बदल वाढवले, त्यातून कामाची रोपं वेचली, आणि त्याच वंशावळीतून टॅग-२४ सारखे वाण आले. वेचायला वर्षानुवर्षं गेली.

१० ऑगस्ट

कापूस पात्यावर आलाय, म्हणजे कळ्या धरल्यात. एकरी दोनप्रमाणे चार कामगंध सापळे लावले. आतल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो, नर त्या वासानं येऊन अडकतात. पतंग म्हणजे एवढंसं करडं पाखरू, दिवसा दिसतच नाही. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज आठ पतंग पडले की सावध व्हायचं, हा ठोकताळा वहीच्या मलपृष्ठावर लिहिला. रोज सकाळी शाळेत येण्याआधी दोघांची पाळी.

पहिला आठवडा: शून्य, शून्य, एक, शून्य, दोन, शून्य, एक.

२४ ऑगस्ट

पहिली डोमकळी सापडली. फूल उमलायला बघतंय, पण पाकळ्या आतून रेशमी धाग्यानं शिवल्यासारख्या, गुलाबाच्या कळीसारखा आकार. हलक्या हातानं उघडली तर परागात लोळणारी बारीक अळी. अजून पांढरीच, डोकं तेवढं काळसर. गुलाबी पट्टे मोठी झाल्यावर येतात.

ही अळी बीटीच्या झाडावर जिवंत आहे हे मुलांना दाखवलं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला जिवाणू. त्याचं एक प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींना चिकटतं, पेशींना भोकं पडतात, अळी मरते. पण चिकटायला तिथं कॅडहेरिन नावाचं दुसरं प्रथिन लागतं. कडी आहे पण चौकटीला कोयंडाच वेगळा, मग कडी बसणार कुठं? ज्या अळीच्या कॅडहेरिनच्या सूचनेत मोडतोड झालेली असते, तिच्या आतड्यात विष येतं आणि तसंच निघून जातं. 'कमल गवत उचल' लगेच दोघातिघांना आठवलं.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. आज एका मुलीचे आजोबा शाळेत आले, माळकरी, शांत माणूस. "म्याडम, पोरीला माकडापासून माणूस झाला असं शिकवायलाव का?" राग नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, आजच्या माकडापासून नाही. चिंपांझी आणि आपण चुलत. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांचा मूळपुरुष एक होता, मग वाटण्या झाल्या. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "मंजी भावकी निघाली." चहा घेऊन गेले. चुलत आणि भावकी. पुस्तकातल्या 'समान पूर्वज'पेक्षा हे दोन शब्द मला जास्त नेमके वाटतात. आता मी तेच वापरणार.

७ सप्टेंबर

आज तुरीचा खेळ. प्रत्येक अळीकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. लाल तूर म्हणजे साधी प्रत, पांढरी तूर म्हणजे बिघडलेल्या कॅडहेरिनची. दोन्ही दाणे पांढरे असतील तरच अळी बीटीवर जगणार. एक जरी लाल असला तरी कोयंडा तयार होतो, विष चिकटतं, अळी मरते.

मडक्यात १८० लाल, २० पांढरे. डोळे झाकून दोन-दोन काढायचे. शंभर अळ्या जन्मल्या. सत्तावन्नाव्या जोडीला दोन्ही पांढरे निघाले, तशी जोडी शंभरात तेवढीच. बाकीच्या ९९ ताटात, म्हणजे मेल्या. उरलेल्या एकीची वीण वाढवायची तर पुढच्या मडक्यात लाल दाणा येणारच कुठून? (जोडीदार लागतोच, पण जगणारे सगळे असेच असणार, एवढं धरून चालायचं होतं.) एका पिढीत मडकं पांढरंफटक. वर्गात कुणी बोलेना.

शिवारात पांढऱ्या दाण्याचं प्रमाण दहात एक नसतं, फार कमी असतं. ते हजारात एक धरू. मग दोन्ही पांढरे असलेली अळी हजार गुणिले हजार, दहा लाखांत एक. फार विरळ वाटतं. पण एक मादी शंभराच्या वर अंडी घालते आणि एका तालुक्यात किती कापूस असतो ते मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरा डाव. या वेळी शेजारी छोटं मडकं, ३६ लाल, ४ पांढरे, म्हणजे वीस अळ्या. हे बिगर-बीटी कापसाचे तास, म्हणजे ओळी. तिथं विष नाही, सगळ्या जगल्या. आता जगलेल्यांचे दाणे एकत्र केले: बीटीतली एक आणि या वीस. ४२ दाण्यांत पांढरे ६. दहात एक होते ते सातात एक झाले. वाढले, पण मडकं लालच राहिलं. बीटीतून वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळतो तो बहुधा लाल-लाल, आणि त्यांची पिल्लं एक लाल, एक पांढरी. ती पुढच्या पिढीत बीटीवर मरतात.

आबांचा नातू मध्येच उठला. "मॅडम, तेच का ते रेफ्युजीचं पाकीट?"

होय, तेच. बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं बिगर-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. शेताच्या कडेनं पाच तास किंवा क्षेत्राच्या वीस टक्के ते लावायचं होतं. कशासाठी, हे नीट कुणी सांगितलं नाही. लोकांना वाटलं, अळीला खाऊ घालायला कोण आपली जमीन देईल? आता तर बिगर-बीटी बी पिशवीतच मिसळून येतं. पोरगा म्हणाला, घरी माळ्यावर एक न फोडलेलं पाकीट अजून आहे.

२१ सप्टेंबर

वीस हिरवी बोंडं तोडून शाळेत आणली. शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, पाच-पाच पावलांवर, निवड न करता. ज्यानं तोडायची त्यानं बोंडाकडं न बघता हात घालायचा हा नियम मुलांनीच केला.

बाहेरून सगळी चांगली. अळी बारीक असतानाच आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. विळीवर एकेक फोडलं. सातव्या बोंडात, दोन पाकळ्यांमधल्या पडद्याला बारीक गोल छिद्र. ते वर्गातल्या सगळ्यात बारीक नजरेच्या मुलीनं पाहिलं. छिद्रामागच्या पाकळीत एक सरकी पोखरलेली आणि आत वळून बसलेली गुलाबी अळी. काडीनं डिवचल्यावर ती मागं सरकली.

वीसात एक. दहा टक्क्यांच्या खाली. फवारणीची घाई नको असं आबांना कळवलं, त्यांनी ऐकलं.

५ ऑक्टोबर

आज मला स्वतःला या धड्यातली सगळ्यात मोठी गोष्ट मुलांपुढं मांडता आली. मेंडेलनं १८६६ मध्ये वाटाण्यावरचे निष्कर्ष छापले. ९:३:३:१ हे गुणोत्तर मुलं परीक्षेसाठी घोकतात. ते कापसाच्या बोंडात आहे.

२००२ मध्ये आपल्याकडं बीटी कापूस आला तो एका विषाचा. २००६ मध्ये दोन विषांचा आला, म्हणजे एकातून वाचली तर दुसऱ्यानं मरावी. विचार चांगलाच होता. पण आपल्याकडचं बियाणं संकरित. संकरित झाडात प्रत्येक विषाच्या जनुकाची एकच प्रत असते. झाडाच्या पानात, बोंडाच्या सालीत विष असतंच. पण आतली सरकी म्हणजे पुढची पिढी. तिथं प्रती वाटल्या जातात, मेंडेलच्या वाटाण्यासारख्याच. सोळा सरक्यांमागं सरासरी नऊमध्ये दोन्ही विषं, तीनमध्ये पहिलं, तीनमध्ये दुसरं, आणि एकीत काहीच नाही.

एक बोंड फोडून सरक्या मोजल्या, ३१ निघाल्या. म्हणजे या एका बोंडात जवळपास दोन बिनविषारी, आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. कुठं पूर्ण विष, कुठं अर्धं, कुठं काही नाही. एक लाल-एक पांढऱ्या दाण्याची अळीही अशा बोंडात निभावून नेऊ शकते. मग पांढऱ्या दाण्याला वाट मोकळी. अमेरिका, ऑस्ट्रेलियात सरळ वाण लावतात, तिथं बोंडातली प्रत्येक सरकी विषाची.

बाकावर मांडलेल्या ३१ सरक्यांकडं सगळे बघत होते. दिसायला सगळ्या सारख्या. पुस्तक हा धडा वाटाण्यावर संपवतं. कापसाच्या मुलखात तो कापसावरच शिकवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

२० ऑक्टोबर

ज्या मुलीनं पडद्यातलं छिद्र पहिल्यांदा पाहिलं, ती आजपासून नाही. घरचे ऊसतोडीला निघाले, सोबत तीही. काल संध्याकाळी वही देऊन गेली. तिच्या पाळीचे सापळ्याचे आकडे तारखेसह, एकही खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर अळीच्या चारही अवस्था काढल्यात. थांबवायला दोनदा घरी गेले होते. तिच्या जागी दुसऱ्या कुणाला नेमलं नाही, पाळी मीच करते.

२३ नोव्हेंबर

आकडे चढले. ऑक्टोबरअखेर वीसात सहा बोंडं किडकी, आज वीसात तेरा. सापळ्यात सलग चार दिवस दहाच्या वर पतंग. आबांनी फवारणी केली, पण आत शिरलेल्या अळीपर्यंत ती पोचत नाही.

मुलांनी एक चांगला प्रश्न आणला. हिरवी बोंडअळी, म्हणजे अमेरिकन, तीही याच कापसावर येते. ती बीटीनं अजून बरीच आटोक्यात आहे. मग गुलाबीच का सुटली? मी उत्तर न देता शेताबाहेर बघायला सांगितलं. धुऱ्यापलीकडं तूर फुलोऱ्यात, त्यापुढं हरभरा उगवलेला. हरभऱ्यातली घाटेअळी म्हणजेच ती अमेरिकन बोंडअळी. तिला तूर, हरभरा, टोमॅटो, ज्वारीचं कणीस, काहीही चालतं. या सगळ्या पिकांत विष नाही. म्हणजे तिच्यासाठी आमचं अर्धं शिवार म्हणजे छोटं मडकंच, लाल दाण्यांनी भरलेलं. गुलाबीचं पोट मात्र मुख्यतः कापसावरच, आणि कापूस जवळपास सगळा बीटी. तिच्या शिवारात लाल दाणा उरला कुठं?

गुजरातेत २००८-०९ च्या सुमारास पहिल्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी आढळली. पुढं दोन विषांनाही ती पुरून उरली आणि २०१७ मध्ये आपल्याकडचं पीक झोपवलं. उलट अमेरिकेतल्या ॲरिझोनात शेतकऱ्यांनी बिगर-बीटीचे पट्टे नेमानं लावले, अळी वर्षानुवर्षं काबूत राहिली. नंतर वांझ केलेले पतंग सोडून उरलीसुरलीही संपवली. २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून ही अळी नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. जीव तोच, विषही तेच.

१५ डिसेंबर

आबांच्या वाड्यात बैठक. मुलांनी मडकी आणि तूर नेली होती, अख्खा खेळ आबांसमोर मांडला. आबा पहिल्यांदा खाटेवरून बघत होते, मग खाली येऊन बसले. डोळे झाकून त्यांनीच जोड्या काढल्या. मडकं पांढरं झाल्यावर त्यांनी दाणे हातात घेतले, कुणाशी न बोलता बराच वेळ.

"मंजी अळी बदलली न्हाई. लाल मेली, पांढरी ऱ्हायली."

मुलं माझ्याकडं बघायला लागली. यापेक्षा नीट मी कधी सांगितलेलं नाही.

मग फरदडीचा विषय निघाला, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी (कापसाची झाडं) उभी ठेवून आणखी कापूस घ्यायचा, आणि तो सोपा नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढली तर जानेवारी-फेब्रुवारीतला दोन-तीन क्विंटल कापूस जातो, आणि तोच पैसा सालाचा हिशेब बसवतो. विहिरीला पाणी असेल तर हरभरा, गहू. नसेल तर रान मोकळं. दुसरीकडं उभ्या पऱ्हाटीवर अळीच्या आणखी एक-दोन पिढ्या निघतात. झाड जून झालं की त्यातलं विष उतरतं, म्हणजे पुन्हा अर्धवट विष, पुन्हा पांढऱ्या दाण्याची सोय. बाकीच्या अळ्या जोड सरकीत (एकमेकींना चिकटवलेल्या दोन सरक्यांत), मातीत, पालापाचोळ्यात झोपून पुढच्या पावसाची वाट बघतात. दोन्ही बाजू मुलांनी मांडल्या. सुनेनं मध्येच सांगितलं, औषधाचे चार पंप आणि वेचणीची मजुरी धरली तर फरदडीत उरतं किती? आबांनी हिशेबाची वही मागवली. निर्णय त्यांचा, आम्ही उठलो.

२ जानेवारी

सकाळी शाळेच्या रस्त्यावरून दिसलं, दोन एकरांतल्या एका एकरावरची पऱ्हाटी उपटून ढीग लावलाय. दुसरा एकर उभा आहे.

१६ जानेवारी

माळ्यावरचं रेफ्युजीचं पाकीट आलं. १२० ग्रॅम, शिलाई शाबूत, कोपरा उंदरानं कुरतडलेला पण आत भोक पडलेलं नाही. त्यातल्या ४० सरक्या आणि यंदाच्या वेचणीतल्या ४० सरक्या, दोन वेगळ्या ओल्या गोणपाटांत गुंडाळल्या. थंडी असल्यानं पोषण आहाराच्या चुलीजवळ, ऊब लागेल अशा ठिकाणी ठेवल्या. रोज पाणी शिंपडायची पाळी आबांच्या नातवानं मागून घेतली.

२५ जानेवारी

यंदाच्या ४० पैकी ३१ सरक्यांना मोड. पाकिटातल्या ४० पैकी एकालाही नाही. काही सरक्यांवर बुरशी धरली, ती वहीत नोंदवली.

नातवानं उरलेल्या पाकिटाचं तोंड सुईदोऱ्यानं शिवलं आणि प्रयोगशाळेच्या कपाटात, तुरीच्या दोन मडक्यांशेजारी ठेवलं. जाताना विचारत होता, नुसतं बिगर-बीटीचं बी जूनमध्ये कुठं मिळेल, पाच तासांपुरतं. मी उद्या मानवतला चौकशी करते म्हणाले.